मालवणची होडी देपालपूरच्या तलावात नको

भाऊ, प्रश्न असा आहे ना: इंदूरजवळच्या देपालपूरकडच्या तलावावर तुमच्या मच्छीमार समितीचं काम सुरू होतंय, दोघं जण जाळी टाकणार, आणि मालवणचे मामा त्यांची जुनी उलांडीची (बाजूला आडव्या दांड्यांनी बांधलेल्या तरंगत्या ओंडक्याची) होडी फुकट द्यायला तयार आहेत. ट्रकभाडं घालून ती आणायची की इथेच फायबरची घ्यायची? माझ्या मते आणू नका.

होडी वाईट म्हणून नव्हे. ती लाटांसाठी बांधलेली असते. कोकणात बाजूची उलांडी लाट आली की होडी कलंडू देत नाही. आपल्या तलावात लाट कुठली? काठाला बेशरमाची झुडपं माजलेली असतात, उलांडी त्यातच अडकून बसेल. शिवाय लाकूड. कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या फळ्या माळव्याच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात पडल्या की आकसतात, सांधे उघडतात. मग काथ्या-कापूस ठोकून राळ भरणारा माणूस इंदुरात शोधत फिरा.

आपल्याकडे लागते ती सपाट तळाची नाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला गुडघाभर काळा गाळ उरतो. टोकदार तळ त्यात रुततो, सपाट तळ बांबूने रेटला की सरकतो. मोठ्या धरणावर मात्र उलटं. इंदिरा सागरसारख्या पाण्यावर वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात, तिथे सपाट तळ आपटत राहतो आणि नावेचा काठ उंच लागतो. तिथली नाव बघून इथली ठरवू नका. दोघांसाठी बारा-चौदा फूट लांब, साडेतीन-चार फूट रुंद पुरे. इंजिन नको, वल्ही बस्स.

आता लाकूड की फायबर? गावात नाव बांधणारा मिस्त्री असेल तर लाकडी घ्या; बिघडली तर तोच दुरुस्त करेल, आणि पाणी भरलं तरी लाकूड तरंगतं. फक्त उन्हाळ्यात ती कोरडी ठेवायची नाही. उथळ पाण्यात बुडवून ठेवली की फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप बसतात. मिस्त्री नसेल तर फायबर. फायबरच्या टाक्या नि मूर्ती करणारे कारागीर इंदुरात आहेत. चीर पडली तर घासून, पूर्ण वाळवून, काचेची मॅट आणि रेझिन लावून देतात. ओल्यावर लावलं तर महिन्याभरात सुटतं.

फायबरची घेताना दोन गोष्टी बघाच. तळावर सगळीकडे नाण्याने ठोका. टणक आवाज यायला हवा. जिथे बद्द वाजेल तिथे थर सुटलेत. दुसरं, फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून पुढच्या-मागच्या बंद कप्प्यांत फोम भरलाय का ते विचारा. नुसती पोकळी असेल तर एका भोकाने नाव तळाला जाते.

पत्र्याची नाव वेल्डिंगवाला स्वस्तात करून देईल. पण वेल्डिंगच्या जागी पत्र्यावरचं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच धरतो. थर्मोकोलच्या तराफ्याचं तर नावच काढू नका, कण सगळ्या तलावात पसरतात. हवेची रबरी बोट हौशी गळवाल्यांसाठी ठीक. जाळ्यात शिंगटी (काटेवाला मासा) आली की तिचा काटा कधी भोक पाडेल सांगता येत नाही.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते: नावेचा काठ. एक जण वल्हवतो, दुसरा गुडघ्यावर बसून जाळं त्या काठावरून आत ओढतो. खिळ्याचं डोकं, कडी, फायबरचा खरखरीत कोपरा, काहीही वर आलेलं असेल तर दर खेपेला जाळं फाटणार. काठावरून हात फिरवा, बोटाला लागलं तर जाळ्यालाही लागेल. तिथे घासून घ्या किंवा जुना पाईप उभा चिरून बसवा.

अनुदानाचं मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (2020) सर्वसाधारण लाभार्थ्यांना 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के असा ढाचा आहे; तुमची नाव त्यात बसते का, ते तेच सांगतील. तलाव नदी-नाल्याला जोडलेला असेल तर 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, म्हणून डागडुजी त्या दिवसांत उरका. आणि इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर सरावाला नेऊ म्हणत होतात, ते नको. तो 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

मामांना सांगा, उलांडीच्या होडीला गिऱ्हाईक मालवणातच मिळेल. आलेल्या पैशांत इथे दोन लाइफ जॅकेट तरी येतील.