दक्षिणेचा उजवा हात

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली आहे, 'रहिवाशांच्या सुरक्षेच्या दृष्टिकोनातून गच्ची बंद राहील.' हे बरोबर आहे का? आणि 'दृष्टिकोन' लिहावं की 'दृष्टिकोण'?

चूक. दृष्टिकोन असायला आधी डोळे असावे लागतात. ते सेक्रेटरींना आहेत, रहिवाशांना आहेत, सुरक्षेला नाहीत. 'सुरक्षेसाठी गच्ची बंद राहील' एवढ्यावर भागतं. भारदस्तपणाची फारच हौस असेल तर 'सुरक्षेच्या दृष्टीने' आहेच. पण हल्ली सोसायटीच्या फलकापासून बातम्यांपर्यंत कुणालाही '-च्या दृष्टिकोनातून'चं शेपूट लावल्याशिवाय चैन पडत नाही. मराठीत हा कोन 'न'चा, हिंदीत 'ण'चा. (त्रिकोण मात्र आपण 'ण'नेच लिहितो. तो घोळ घरचाच.) 'ष्टि' ऱ्हस्व, कारण समास.

आता गंमत ऐका. बघणारा कुठे तोंड करून उभा आहे, हे ज्याच्या पोटातच आहे असा शब्द हवा असेल तर 'दक्षिण' घ्या. दक्षिण म्हणजे मुळात उजवा. उगवतीकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, म्हणजे पुढची. पाठीशी पश्चिम, 'मृत्युपश्चात'मधलं 'पश्चात' त्याच घरातलं. उजव्या हाताला दक्षिण. देवाला उजवीकडे ठेवून फिरायचं म्हणून प्रदक्षिणा. दिशेला हे नाव हातावरून पडलं, असं वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने त्याच्या निरुक्त या ग्रंथात सांगूनच ठेवलंय. पुढे मात्र हाताचं 'दक्षिण' हे नाव 'दाश्', म्हणजे देणे, या धातूपासूनही आलेलं असू शकेल अशी पुस्ती तो जोडतो. यास्क असला म्हणून काय झालं, ती मला मान्य नाही. लॅटिनमध्ये उजव्याला 'डेक्स्टर' म्हणतात. तो आपल्या दक्षिणचा चुलतभाऊ, आणि त्याच्या अर्थात देण्याचा मागमूसही नाही.

प्राकृतात याचं 'दक्खिण' झालं आणि पुढे दख्खन. म्हणजे आपण सगळे कुणाच्या तरी उजव्या हाताला राहतो. कुणाच्या, ते नाव सांगत नाही.

'उत्तर' मात्र डावी नाही. ती 'उद्'पासून, म्हणजे अधिक उंच. बोलणाऱ्याच्या त्या अंगाला हिमालय होता. दक्षिणेचं दुसरं नाव 'अवाची', खालची. एकाच माणसाने दोन दिशा सूर्याकडे बघून ठरवल्या, एक हाताकडे बघून आणि एक डोंगराकडे बघून!

अरबांचंही तेच. 'यमीन' म्हणजे उजवा, आणि यमन देश अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला. यमन हे नाव 'युम्न', म्हणजे भरभराट, यावरून आलं म्हणणारे पंडित आहेत. असोत बापडे. धातू दोन्हींचा एकच, आणि उजवं ते शुभ हे पटत नसेल तर सत्यनारायणाला डावा हात पुढे करून बघा.

आता माझा लाडका सिद्धान्त. मुंबईकर पूर्वेकडे तोंड करतच नाही. तिकडे गोदी आणि तिच्या भिंती. तो मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मावळतीकडे तोंड करून बसतो. उजव्या हाताला मलबार हिल, डाव्या हाताला नरिमन पॉइंट. भाषा या कठड्यावर घडली असती तर 'दक्षिण मुंबई' बोरिवलीकडे गेली असती आणि चर्चगेटचे लोक दक्षिण मुंबईकर उरले नसते. हसू नका. विरारहून चर्चगेटला येणारी लोकल नकाशावर खाली उतरत असते आणि रेल्वे तिला 'अप' म्हणते, कारण रेल्वेच्या लेखी मुख्य स्थानक ते 'वर'. संस्कृतच्या हिशेबाने तीच गाडी अवाचीला चाललेली असते.

'घाटी'ही त्यातलाच. लालबाग-परळच्या चाळीत कोकणातला गिरणी कामगार साताऱ्याच्या शेजाऱ्याला घाटी म्हणायचा, कारण तो घाटावरचा. तेवढ्यापुरता तो पत्त्यासारखा सरळ शब्द, थोडा खवचट. पण चाळीबाहेर अमराठी मुंबईने तोच शब्द शिवीसारखा वापरत कोकण्यालाही चिकटवला, ज्याचं गाव घाटाच्या पायथ्याशी! कोशात 'घाटी' घालायचा तर अर्थाआधी बोलणारा कुठला, ते लिहा.