वाचकांचे प्रश्न : खाण कंपनीचे ‘नेट झिरो’ कसे तपासायचे?

प्रश्न : लोहखनिज काढणाऱ्या एका कंपनीच्या अहवालात ‘२०५० पर्यंत नेट झिरो’, म्हणजे हवेत सोडलेले आणि हवेतून काढून घेतलेले हरितगृह वायू सारखे, असे लिहिले आहे. यात सगळे उत्सर्जन धरले आहे का?

उत्तर : बहुधा नाही. त्या वाक्याशेजारी कोणते ‘स्कोप’ (उत्सर्जनाचे गट) लिहिले आहेत ते आधी शोधा. स्कोप १ म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेले इंधन आणि खाणीतून थेट सुटणारे वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन. पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतचे बाकी सगळे स्कोप ३ मध्ये येते आणि त्याचे १५ प्रकार आहेत. आयसीएमएम या खाण कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या सदस्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेले २०५० चे वचन स्कोप १ आणि २ पुरतेच आहे.

लोहखनिजाचा खरा भार मात्र स्कोप ३ मध्येच असतो. झोतभट्टीच्या मार्गाने १ टन पोलाद बनवायला साधारण १.६ टन खनिज लागते आणि सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे खनिजाच्या दर टनामागे सव्वा टन. मोठ्या उघड्या खाणीत तेच खनिज खणून, फोडून, वाहून नेताना टनामागे काही किलोंचाच हिशोब असतो. वचनात नेमके हे काही किलोच आलेले असतात.

प्रश्न : ‘उत्सर्जन तीव्रता (उत्पादनाच्या टनामागचे उत्सर्जन) २० टक्क्यांनी घटली’ याला प्रगती म्हणावी का?

उत्तर : एकूण आकडा पाहिल्याशिवाय नको. समजा, १ कोटी टन उत्पादन आहे आणि टनामागे २० किलो उत्सर्जन, तर एकूण २ लाख टन झाले. उत्पादन दीड कोटी टनांवर गेले आणि टनामागे १६ किलो उरले, तर एकूण २.४ लाख टन. तीव्रता २० टक्क्यांनी उतरली आणि हवेत जाणारा वायू २० टक्क्यांनी वाढला!

आधारवर्षही, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजतात ते वर्ष, तपासा. खाण विकली की तिचे उत्सर्जन विक्रेत्याच्या खात्यातून जाते, पण खाण नव्या मालकाकडे चालूच राहते. म्हणून अशा वेळी आधारवर्षाचा आकडाही फेरमोजून कमी करावा लागतो. तसे केले नसेल तर दाखवलेली घट नुसती कागदावरची आहे.

डिझेलचा हिशोब तुम्हालाही करता येईल. ताशी १५० लिटर पिणारा डंपर वर्षाला ६,००० तास चालला, तर ९ लाख लिटर जळतात. लिटरमागे २.६८ किलो धरले की एका डंपरचे सुमारे २,४०० टन होतात. खड्डा खोल गेला की चढ आणि फेरीचे अंतर वाढते, त्यामुळे नवे डंपर घेऊनही टनामागचे डिझेल वाढू शकते.

प्रश्न : भूमिगत कोळसा खाणीच्या अहवालात मिथेनचे काय पाहावे?

उत्तर : पहिली गोष्ट, आकडा मोजलेला आहे की गुणकाने (टनामागे धरलेल्या ठरावीक प्रमाणाने) काढलेला. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीचा भूमिगत खाणींसाठीचा सरासरी गुणक टन कोळशामागे १८ घनमीटर मिथेन आहे, कमी वायूच्या खाणींसाठी १० आणि जास्त वायूच्या खाणींसाठी २५. गुणक निवडतानाच उत्तर अडीचपट बदलू शकते. १० लाख टन कोळशाला १८ च्या गुणकाने सुमारे १२,००० टन मिथेन होतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा किती पट तापवतो, हे किती वर्षांचा हिशोब धरला त्यावर ठरते. १०० वर्षांच्या हिशोबाने (२८ पट) तो ३.४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतका, तर २० वर्षांच्या हिशोबाने (सुमारे ८२ पट) जवळजवळ १० लाख टनांइतका भरतो. कोणती पट वापरली हे अहवालात असलेच पाहिजे.

मोजमाप असेल तर ते किती वेळा घेतले ते पाहा. वायुवीजनाच्या पंख्यापाशी हवेचा प्रवाह आणि मिथेनचे प्रमाण सतत नोंदवणे उत्तम. महिन्यातून एकदा नमुना घेतला तर आकडा चुकू शकतो, कारण वातावरणाचा दाब उतरला की बंद केलेल्या गोफमधून (कोळसा काढून झाल्यावर उरलेल्या पोकळीतून) वायू एकदम बाहेर येतो.

उपायांत, कोळशाच्या थरात छिद्रे पाडून ओढलेला, मिथेनचे प्रमाण जास्त असलेला वायू जाळणे सर्वांत सोपे. १ टन मिथेन जाळल्यावर २.७५ टन कार्बन डायऑक्साइड उरतो, म्हणजे २८ च्या हिशोबाने ९० टक्के भार जातो. वायुवीजनाच्या हवेत मात्र मिथेन सहसा १ टक्क्याहून कमी असतो. तो नुसत्या ज्योतीने पेटत नाही, त्यासाठी वेगळी ऑक्सिडीकरण यंत्रणा लागते. ‘मिथेन पकडतो’ म्हणणाऱ्या कंपनीला यातला कोणता वायू, हे जरूर विचारा. शिवाय बंद पडलेल्या खाणी यादीत आहेत का, हेही विचारा. पाण्याने भरेपर्यंत त्या वर्षानुवर्षे मिथेन सोडत राहतात.