कार्यशाळेआधी कामाकडे बघ

प्रिय मुली,

टीमची जबाबदारी अंगावर पडल्यावर पहिल्याच महिन्यात तू विचारलंस की आपल्या माणसांच्या मेंदूचं आरोग्य कसं सांभाळायचं. मला फार बरं वाटलं. बहुतेकांना हा प्रश्न सुचतो तो कुणी आजारी पडल्यावर, नाहीतर राजीनामा देऊन गेल्यावर. ध्यानाचं ॲप, तणावावरची कार्यशाळा आणि झोपेवरचं व्याख्यान असे तीन पर्याय पाठवून तू त्यातला एक निवडायला सांगितलास. मी आज तरी एकही निवडणार नाही.

ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा ॲपमध्ये आणि प्रशिक्षणांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचं त्यात दिसलं नाही. एका अभ्यासावर सगळं ठरवू नये हे खरं, आणि ध्यानाने कुणाला बरं वाटत असेल तर त्याने ते जरूर करावं. पण दिवसभर माणसाला पिळून काढायचं आणि संध्याकाळी त्यालाच श्वासाचे व्यायाम शिकवायचे, हे मला पटत नाही. ताण ज्या कामातून येतो त्या कामाची मांडणी तुझ्या हातात आहे. तिथूनच सुरुवात कर.

सगळ्यात आधी झोप. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचा हात आणि लक्ष किती ढिलं पडतं, हे डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजलं. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना जेवढी कामगिरी घसरते, तेवढीच ती इथेही घसरलेली होती. बऱ्याच देशांत एवढ्या प्रमाणावर गाडी चालवायची परवानगी नसते. आपण मात्र अशा अवस्थेतल्या माणसाकडून हिशेब तपासून घेतो, ग्राहकाला उत्तरं लिहून घेतो आणि वर त्याच्या निष्ठेचं कौतुक करतो. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. तुझा रात्री साडेअकराचा मेसेज ‘सकाळी बघितलं तरी चालेल’ असं म्हणत असला, तरी वाचणाऱ्याचं डोकं त्याच क्षणी कामाला लागतं. सुचलेलं लिहून ठेव आणि मेसेज सकाळी जाईल अशी वेळ लावून दे. शिफ्ट लावत असशील तर उशिरा संपणाऱ्या शिफ्टनंतर लगेच पहाटेची देऊ नकोस.

तासांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. पक्षाघात म्हणजे थेट मेंदूलाच इजा. तेव्हा ‘हा महिना जरा ओढून न्या’ असं सलग तिसऱ्या महिन्यात सांगायची वेळ आली, तर तू नेमकं काय मागते आहेस ते ध्यानात ठेव.

आता ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. तुझ्या टीममधल्या एखाद्याचा एक दिवस नीट बघ. अहवाल उघडला की दहा मिनिटांत कुणीतरी ‘एक मिनिट आहे का’ म्हणतं, तेवढ्यात मीटिंगची सूचना वाजते, मीटिंगमध्ये दुसऱ्याच विषयाचा मेल येतो. संध्याकाळी तो माणूस थकलेला असतो आणि अहवाल होता तिथेच असतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, आणि दुसरं कामही कच्चं होतं. आळशीपणा किंवा शिस्तीचा अभाव म्हणून याकडे बघू नकोस, लक्ष असंच चालतं. पुढे त्यांनीच एक साधा उपाय तपासला: काम सोडताना आपण कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे दोन ओळींत लिहून ठेवायचं. त्याने डोकं मोकळं होऊन पुढच्या कामाला लागतं. हे टीमला शिकव. पण त्याच्या जोडीला सकाळचे दोन तास मीटिंगशिवायचे ठेव आणि तातडीचं म्हणजे काय ते एकदा सगळ्यांनी मिळून ठरवा. तातडीचं असेल तर फोन, बाकी सगळ्याला दुपारपर्यंत उत्तर. नियम पाळला जाईल की नाही, हे तू स्वतः काय करतेस त्यावर ठरेल.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कामावरचा ताबा. मायकेल मार्मट या संशोधकाच्या चमूने ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्यांना आपलं काम कसं आणि कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवण्याची मुभा कमी होती, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. हृदयाला जे जाचतं ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही सोसत नाही. म्हणून काम देताना काय हवं आणि कधी हवं एवढं स्पष्ट सांग, कसं करायचं ते त्यांच्यावर सोड. डेडलाइन ठरवण्याआधी जो ते काम करणार आहे त्याला विचार.

ॲप किंवा कार्यशाळेसाठी कंपनीने पैसे दिले असतील तर ते परत करू नकोस. रक्तदाब, साखर, दृष्टी आणि श्रवण यांच्या तपासणीवर खर्च कर. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता येण्याजोगे १४ घटक सांगितले, त्यांत ऐकू कमी येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि उपचार न झालेला दृष्टिदोष हे सगळे आहेत. तपासणीचे निकाल मात्र ज्याचे त्यालाच मिळावेत, तुझ्यापर्यंतसुद्धा येता कामा नयेत.

एखादा माणूस बदललेला दिसला, सोप्या चुका करायला लागला, गप्प राहू लागला, तर एकांतात विचार. ‘तुला नैराश्य आलंय का’ असं विचारू नकोस, निदान करणं डॉक्टरांचं काम. ‘गेल्या दोन आठवड्यांत तू थकलेला वाटतोस, कामातलं काय कमी करू?’ असं विचार आणि खरोखर कमी कर. सुट्टी किंवा काउन्सेलरची मदत हवी असेल तर वाट मोकळी करून दे. त्याने सांगितलेलं इतर कुणाच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

एवढं करूनही काम माणसांपेक्षा जास्तच असेल, तर ते तुला एकटीला सोडवता येणार नाही, आणि तू रात्री जागून ती तूट भरून काढू नयेस. टीमकडे असलेली सगळी कामं एका कागदावर लिही, प्रत्येकापुढे लागणारे तास मांड आणि तुझ्या वरिष्ठांसमोर ठेव. यातली कोणती थांबवायची, कोणती पुढे ढकलायची, की माणसं वाढवायची, हा निर्णय त्यांच्याकडून लेखी घे. ते टाळाटाळ करतील. तू पुढच्या आठवड्यात तोच कागद पुन्हा घेऊन जा.

तुझा हितचिंतक