वाचकांचे प्रश्न : मोबाइल कंपन्यांचे विलीनीकरण आणि परवडणारा फोन

मोबाइल कंपन्यांच्या विलीनीकरणाबाबत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. मूळ मुद्दा पहिल्या उत्तरात सविस्तर मांडला असून पुढील उत्तरे त्याच्या आधारे वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : माझी मोबाइल कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन होणार असल्याचे जाहीर झाले आहे. नेमका याच सुमारास माझा जुना फोन बंद पडला असून मला नवा घ्यावा लागणार आहे. फार खर्च करणे शक्य नाही आणि घेतलेला फोन किमान चार वर्षे चालायला हवा. विक्रेता म्हणतो की, हल्लीचे सगळे फोन सगळीकडे चालतात. हे खरे मानावे का? की विलीनीकरण पूर्ण होईपर्यंत थांबावे?

उत्तर : थांबण्याची आवश्यकता नाही, परंतु विक्रेत्याचे विधान जसेच्या तसे स्वीकारू नये. इंटरनेट चालणे, कॉल लागणे आणि घराच्या आतल्या खोलीत रेंज मिळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नव्या फोनवर पहिली गोष्ट सहसा जमते; विलीनीकरणानंतर अडचण येते ती उरलेल्या दोहोंची.

दोन कंपन्या एक झाल्या की ग्राहकाला सुरुवातीला फक्त नाव बदललेले दिसते. प्रत्यक्षात नव्या कंपनीच्या हाती दोन नेटवर्क आलेली असतात आणि ती दोन्ही कायम चालवणे परवडत नसल्यामुळे त्यांपैकी एक टप्प्याटप्प्याने बंद केले जाते. मात्र बंद होणाऱ्या नेटवर्कचा स्पेक्ट्रम, म्हणजे ज्या रेडिओ लहरी वापरण्याचा हक्क त्याला मिळालेला असतो त्या, वाया जात नाही. तो उरलेल्या नेटवर्कला जोडला जातो, आणि अनेकदा तोच स्पेक्ट्रम मिळवणे हा विलीनीकरणामागचा एक मोठा हेतू असतो. म्हणून कॉलच्या बाबतीत जी कंपनी टिकणार आहे तिचे तंत्रज्ञान पाहावे, बँड, म्हणजे या लहरींचे क्रमांक दिलेले पट्टे, मात्र दोन्ही कंपन्यांचे पाहावेत.

अमेरिकेतील टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांच्या विलीनीकरणात हे स्पष्ट दिसले. ते १ एप्रिल २०२० रोजी पूर्ण झाले. स्प्रिंटचे कॉल सीडीएमए या जुन्या पद्धतीवर चालत असत, तर टी-मोबाइल जीएसएम या वेगळ्या पद्धतीच्या घराण्यातील कंपनी होती. स्प्रिंटचे सीडीएमए नेटवर्क ३१ मार्च २०२२ पासून बंद होऊ लागले आणि तिचे ४जी नेटवर्क बंद करण्याची तारीख ३० जून २०२२ होती. ज्या हँडसेटमध्ये नव्या नेटवर्कवरून कॉल करण्याची सोय नव्हती, ते ग्राहकांना बदलावे लागले. त्याच वेळी स्प्रिंटचा २.५ गिगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम टी-मोबाइलच्या ५जी सेवेचा कणा बनला. म्हणजे एन-४१ हा त्याच स्पेक्ट्रमचा ५जी बँड असलेला फोन ज्यांनी घेतला होता, त्यांना विलीनीकरणाचा फायदाच झाला.

तारखांमधील अंतरही लक्षात घेण्याजोगे आहे. स्प्रिंटने २००५ मध्ये नेक्स्टेल ही कंपनी आपल्यात सामावून घेतली, पण नेक्स्टेलचे नेटवर्क ३० जून २०१३ पर्यंत चालू होते. मे २०१३ मध्ये टी-मोबाइलमध्ये आलेल्या मेट्रोपीसीएसचे सीडीएमए नेटवर्क मात्र २०१५ पर्यंत गुंडाळले गेले. कधी आठ वर्षे, कधी दोन वर्षे. आपल्याला फोन चार वर्षे वापरायचा आहे, म्हणजे आजचे नेटवर्क बंद होण्याचा दिवस याच फोनच्या आयुष्यात येण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून आजच्या सिमवर फोन चालतो, एवढ्यावर समाधान मानू नये.

प्रत्येक विलीनीकरण त्रासदायक असतेच असे नाही, हेही नमूद करायला हवे. भारतात व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एकत्र आल्या, तेव्हा दोन्ही नेटवर्क जीएसएमच्याच घराण्यातील होती. त्यामुळे एकीकडचा हँडसेट दुसरीकडे निरुपयोगी ठरण्याचे कारण नव्हते. आपल्या बाबतीत दोन्ही कंपन्या एकाच पद्धतीच्या असतील, तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता बँडविषयी. मोबाइलच्या लहरी ठराविक पट्ट्यांमध्ये विभागलेल्या असतात आणि प्रत्येक पट्ट्याला क्रमांक असतो. ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येतात, तर १८०० ते २६०० मेगाहर्ट्झच्या लहरी कमी अंतर कापतात, पण त्यांच्या पट्ट्या सहसा रुंद असल्यामुळे गर्दीच्या ठिकाणी अधिक ग्राहकांना सामावून घेतात. स्वस्त फोनच्या काही आवृत्त्यांत निवडक बँडच दिलेले असतात. त्यांत एखादा वरचा बँड नसेल तर वेग थोडा कमी होतो. खालचा बँड नसेल तर घरातच रेंज जाते. म्हणून दोन्ही कंपन्यांचे खालचे बँड फोनमध्ये आहेत की नाहीत, हे सर्वांत आधी तपासावे. केवळ महाग फोन घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही. टी-मोबाइलने २०१७ मध्ये ६०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम लिलावात घेतला आणि त्यावर बँड ७१ सुरू केला, परंतु त्याच वर्षी आलेल्या आयफोन एक्समध्ये हा बँड नव्हता.

बँडची यादी तपासताना फोनच्या नावावर जाऊ नये, मॉडेल क्रमांक पाहावा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या मॉडेल क्रमांकाने विकला जातो आणि त्यातील बँडही वेगळे असतात. हा क्रमांक बॉक्सवर आणि सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ या भागात सापडतो. तो घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावरील यादी दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलेल्या बँडशी ताडून पाहावी. काही बँड एकमेकांत सामावलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे. उदाहरणार्थ, बँड ६६ मध्ये बँड ४ चा सगळा भाग येतो आणि त्यापुढचाही काही भाग येतो. फक्त बँड ४ असलेला फोन त्या वाढीव भागावर चालू शकत नाही.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ४जीवरून होणाऱ्या कॉलचा, म्हणजे व्हीओएलटीईचा आहे. जुने २जी आणि ३जी नेटवर्क बंद झाले की आवाजाचा कॉल ४जी किंवा ५जीवरूनच होतो. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये भारतात केवळ ४जीवर सेवा सुरू केली, तेव्हा व्हीओएलटीई नसलेल्या फोनवर इंटरनेट चालत असे, पण कॉलसाठी वेगळे अ‍ॅप वापरावे लागे. विलीनीकरणात हीच अडचण अधिक गुंतागुंतीची होते, कारण फोनमध्ये सोय असूनही ती विशिष्ट कंपनीसाठी सुरू केलेली नसते. त्यासाठी त्या कंपनीच्या सेटिंग्ज फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असाव्या लागतात, आणि काही कंपन्या तर स्वतः मंजूर केलेल्या मॉडेलनाच ही सोय देतात. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ३जी बंद केले, तेव्हा मंजूर मॉडेलची यादी जाहीर केली होती आणि त्या यादीबाहेरचे, सर्व बँड असलेले फोनही कॉलसाठी अपात्र ठरले. म्हणून टिकणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला मॉडेल क्रमांक आहे, याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न : विलीन होणारी कंपनीच आपल्या ग्राहकांना मोठ्या सवलतीत फोन देत आहे. कंपनीनेच दिलेला फोन पुढेही चालणारच, असे समजून तो घ्यावा का?

उत्तर : असे गृहीत धरू नये. कंपनीमार्फत विकले जाणारे स्वस्त फोन बरेचदा तिच्याच सिमपुरते लॉक केलेले असतात. विलीनीकरणानंतर नव्या कंपनीचे सिम घ्यावे लागले, तर असा फोन ते स्वीकारेल की नाही, हे कुलूप कोण आणि कधी काढणार यावर अवलंबून राहते. आणि विलीनीकरणाच्या धामधुमीत एखादी कंपनी दुसरीकडे बोट दाखवते, तेव्हा ग्राहकाची फार ओढाताण होते. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकण्यास कंपन्यांना मनाई केली आहे, पण अशी तरतूद सर्वत्र नाही.

कंपनीसाठी खास बनवलेल्या आवृत्तीत त्या कंपनीला लागतील तेवढेच बँड असण्याचाही धोका असतो. सवलत आकर्षक असेल, तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात : फोन आज अनलॉक आहे का, नसल्यास कोणत्या तारखेला आणि कोणत्या अटींवर होईल, आणि विलीनीकरणानंतर ही जबाबदारी कोणाची असेल. उत्तर टाळले गेल्यास तो फोन सोडून द्यावा आणि थोडे अधिक पैसे देऊन खुल्या बाजारातला अनलॉक फोन घ्यावा.

प्रश्न : तेवढ्याच पैशांत चार वर्षांपूर्वीचा, त्या वेळी अतिशय महाग असलेला फोन वापरलेल्या अवस्थेत मिळतो. त्याचा कॅमेरा आणि पडदा नव्या स्वस्त फोनपेक्षा सरस आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : विलीनीकरणाचा प्रश्न नसता, तर वापरलेला फोन घेण्यास माझी हरकत नसती. परंतु वर सांगितल्याप्रमाणे व्हीओएलटीईच्या सेटिंग्ज सॉफ्टवेअरमधून येतात. नवी कंपनी आकाराला आल्यानंतर निर्माता ज्या फोनना अजूनही अपडेट देतो, त्यांनाच त्या सेटिंग्ज मिळण्याची शक्यता असते. अपडेट थांबलेल्या फोनमध्ये उत्तम बँड असूनही ही उणीव भरून निघत नाही. म्हणून कॅमेऱ्यापेक्षा अपडेटचा उरलेला काळ मोलाचा आहे. स्वस्त फोनबाबत ही परिस्थिती अलीकडे बरीच सुधारली आहे, याचे मला समाधान वाटते. सॅमसंगने गॅलेक्सी ए-१६ या स्वस्त गटातील फोनसाठी सहा वर्षांच्या अपडेटची हमी दिली आहे, तर युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मिळत राहिले पाहिजेत.

तरीही वापरलेलाच फोन घ्यायचा असेल, तर *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, टिकणाऱ्या कंपनीच्या तपासणी पानावर टाकून पाहावा. चोरीमुळे किंवा हप्ते थकल्यामुळे फोन काळ्या यादीत गेला आहे का, हेही त्याच क्रमांकावरून तपासता येते.

प्रश्न : ५जी फोनच घ्यावा का?

उत्तर : दोन्ही कंपन्यांचे ५जी बँड त्यात असतील तर अवश्य घ्यावा, कारण विलीनीकरणातून मोकळा होणारा स्पेक्ट्रम बहुधा त्याच सेवेसाठी वापरला जातो. बॉक्सवर केवळ ५जी लिहिलेले असणे मात्र पुरेसे नाही. ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्रपणे चालणारे ५जीही फोनला जमते का, हे पाहावे, कारण सुरुवातीच्या काळातील काही ५जी फोनना ते जमत नाही. ५जी फोनमध्ये खालचा ४जी बँड गायब असेल आणि ४जी फोनमध्ये सर्व बँड असतील, तर मी निःशंकपणे दुसरा घेण्यास सांगेन.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची असून एकटी राहते. तिच्या फोनवर रोजचे कॉल व्यवस्थित लागतात. तिची कंपनीही विलीन होत आहे. तिचा फोन बदलण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : आपल्या पत्राला सर्वांत आधी उत्तर द्यायला हवे होते, इतका हा मुद्दा गंभीर आहे, पण वरील विवेचनाशिवाय तो समजावणे कठीण होते.

काही हँडसेट रोजचा कॉल ४जीवरून करतात, परंतु आपत्कालीन क्रमांक लावताना आपोआप ३जी किंवा २जीकडे वळतात, कारण त्यांची जडणघडणच तशी आहे. जुने नेटवर्क चालू असेपर्यंत हा दोष दिसत नाही. ऑस्ट्रेलियात २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी ३जी बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा नेमक्या याच कारणाने एक कठोर निर्णय घेतला गेला : ४जीवरून आपत्कालीन कॉल करू न शकणारे फोन, त्यांवर रोजचे कॉल लागत असले तरी, नेटवर्कवरून बंद करणे कंपन्यांना बंधनकारक झाले. अनेकांना हँडसेट बदलावे लागले. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण संकटाच्या क्षणी लागत नसलेला फोन जवळ असणे हे फोन नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. माणूस त्याच्यावर विसंबून राहिलेला असतो.

म्हणून आईंच्या फोनचा आयएमईआय क्रमांक घेऊन कंपनीकडे थेट विचारणा करावी की, जुने नेटवर्क बंद झाल्यावर या मॉडेलवरून आपत्कालीन कॉल ४जीवरून लागेल का. कृपया आपत्कालीन क्रमांक लावून याची चाचणी घेऊ नये; त्या क्षणी ती लाइन दुसऱ्या कुणाला हवी असेल. रोजच्या कॉलची चाचणी मात्र आपण स्वतः घेऊ शकता. कॉल चालू असताना पडद्याच्या वरच्या पट्टीत ४जीचे चिन्ह कायम राहिले, तर कॉल ४जीवरून होत आहे. त्या जागी ३जी, एच किंवा ई दिसू लागले, तर फोन अजून जुन्या नेटवर्कवर अवलंबून आहे आणि तो बदलावा लागेल.

नवा फोन घेताना, आईंना दोन सिम वापरण्याची सवय असेल, तर दोन्ही सिमवर व्हीओएलटीई एकाच वेळी चालते का, हे पाहावे, कारण काही जुन्या आणि स्वस्त फोनमध्ये ही सोय एकाच सिमपुरती असते. फोन हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी टिकणाऱ्या कंपनीचे एखादे सिम त्यात घालून आईंच्या घरात, विशेषतः त्या झोपतात त्या खोलीत आणि न्हाणीघराजवळ, कॉल लावून पाहावा. तिथे कॉल स्पष्ट लागत नसेल, तर बाकी काहीही चांगले असले तरी तो फोन परत करावा.