जपानी शिकायचं तर रोमन लिपी आधी नको

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला जपानी शिकायचंय. तीन लिप्या म्हटल्यावर मला तर धडकीच भरली. एका क्लासमध्ये सांगितलं, आधी इंग्रजी अक्षरांत लिहून बोलायला शिका, लिपीचं नंतर बघू. तसं करावं का?
– एक आई, इचलकरंजी

नमस्कार ताई,

तसं मुळीच करू नका. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी 46 मूळ अक्षरं आहेत. रोज अर्धा तास वही-पेन्सिल घेऊन बसला, तर महिना-दीड महिन्यात दोन्ही येतील. शिवाय मराठी मुलाला यातली बरीच वाट ओळखीची असते. हिरागानाचा तक्ता म्हणून बघा : आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्याच वर्णमालेचा क्रम आहे हा! बौद्ध भिक्षूंमार्फत संस्कृत आणि ती लिहायच्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास जपानला पोचला, त्यातून ही मांडणी तिथे रुजली. 'प'च्या जागी 'ह' दिसतो, कारण फार पूर्वी त्या अक्षरांचा उच्चार 'प'सारखा होता. मला हे दरवेळी नव्याने सुखावतं.

रोमनमध्ये लिहिताना दीर्घ उच्चार सहज गळतात. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी. हिरागानात तिथे एक अक्षर जास्त लिहावंच लागतं, त्यामुळे कानही तयार होतो. अक्षरांखाली देवनागरी लिहायची सवयसुद्धा लागू देऊ नका. डोळा आपसूक त्या ओळीवर जातो आणि जपानी अक्षर अनोळखीच राहतं. काताकानातली 'शि' आणि 'त्सु', 'सो' आणि 'न' या जोड्या सगळ्यांनाच छळतात. रेघ कुठून कुठे ओढायची हे हाताला कळलं की गोंधळ मिटतो, म्हणून मोबाइलवर बोट फिरवण्यापेक्षा कागदावर गिरवणं बरं.

तिसरी लिपी कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थवाही अक्षरं. तिची भीती मी समजू शकते. नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी 2136 आहेत. पण जपानी मुलंही प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत 1026 शिकतात, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन5 या पहिल्या, सर्वांत सोप्या पातळीला साधारण शंभर पुरतात (आकडा उतरत जातो तशी पातळी अवघड होते). झाडाची खूण दोनदा काढली की राई, तीनदा काढली की जंगल. खरी कसोटी उच्चारांची : एकाच कांजीचे दोन-चार उच्चार असतात. म्हणून सुटी कांजी घोकू नये, शब्दासकट शिकावी. वाक्य मात्र मराठीतूनच जुळवायला सांगा. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दानंतर, हे दोन्ही भाषांत सारखंच आहे.

आता नोकरीचं. जेएलपीटी परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरात होते. तिच्यात बोलण्याची चाचणी नसते, तेव्हा संभाषणाचा सराव वेगळा करावा लागेल. एन5 वर जपानमध्ये नोकरी लावून देतो म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली, तर देऊ नका. तिथल्या 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' (ठरावीक क्षेत्रांतले कुशल कामगार) व्हिसासाठीही साधारणपणे एन4 किंवा त्या तोडीची भाषा लागते, वर कामाच्या कौशल्याची परीक्षा असते. इंजिनिअरिंगच्या चांगल्या कामांना बहुधा एन3-एन2 मागतात. त्याला काही वर्षं जातात, म्हणून डिप्लोमा सोडून जपानी नको, डिप्लोमाच्या जोडीने हवी.

क्लास निवडताना एक तास बसून बघा. महिनाभर जुन्या बॅचच्या फळ्यावरही रोमन दिसलं, तर दुसरा क्लास शोधा. आणि तोवर चौकटींची एक वही घरी आणून ठेवा.