आईच्या अन्ननलिकेत अस्तराखाली अडीच सेंटिमीटरची गाठ आहे, बायोप्सी नॉर्मल आली. पुन्हा तुकडा घ्यायला सांगू, की दुर्बिणीतून गाठच काढून घेऊ?

पुन्हा तुकडा घ्यायचा आग्रह कृपा करून धरू नका. मी एन्डोस्कोपी विभागात सिस्टर आहे. "रिपोर्ट नॉर्मल, मग ही गाठ कसली?" असं काकुळतीने विचारणारी मुलंमुली मला नेहमी भेटतात.

गोधडीच्या आत सुपारी शिवली गेली तर ती वरून हाताला लागते. पण वरच्या कापडाचा धागा तपासून सुपारीबद्दल काय कळणार? एन्डोस्कोपीच्या चिमट्यात वरचं अस्तरच येतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. शिवाय तुकडा घेतलेली जागा भरताना अस्तर गाठीला चिकटतं. आमच्याकडे एक काका आधी दुसरीकडे तीनदा बायोप्सी करून आले होते. गाठ सोडवताना अस्तर फाटलं, आणि तासाभराचं काम दुपारपर्यंत चाललं. काका बरे झाले, पण तो त्रास टाळता आला असता.

आधी एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली सोनोग्राफी, झालाय का ते विचारा. त्यात अन्ननलिकेच्या भिंतीचे पाच थर दिसतात. गाठ चौथ्या, म्हणजे स्नायूच्या थरातून उगवलेली असेल तर अन्ननलिकेत ती बहुतेक वेळा लायोमायोमा, म्हणजे स्नायूच्या पेशींची गाठ, असते. ती साधी गाठ, तिचा कॅन्सर होणं फारच दुर्मीळ. जठरात अशीच दिसणारी गाठ मात्र अनेकदा जिस्ट (पुढे कॅन्सरसारखी पसरू शकणारी गाठ) निघते, आणि तिच्याकडे जास्त सावधपणे बघावं लागतं. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर नावाची पिवळसर गाठ वरच्या थरांत असते. तिथे तुकडा उपयोगी पडतो.

आता गाठ काढण्याबद्दल. पूर्ण भूल देऊन गाठीच्या साधारण ५ सेंमी वर अस्तराला छोटा छेद देतात. अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा करत दुर्बीण गाठीपर्यंत जाते, गाठ स्नायूपासून सोडवून त्याच वाटेने बाहेर काढतात आणि छेद क्लिप लावून बंद करतात. यातली खुबी मला आजही थक्क करते. स्नायूला भोक पडलं तरी त्याच्यावरचं अस्तर शाबूत असतं आणि छेद वर लांब असतो, त्यामुळे लाळ-अन्न छातीत झिरपायचा धोका कमी होतो. बोगद्याची ही वाट जपानचे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये अकॅलेशियासाठी (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा आजार) माणसावर पहिल्यांदा वापरली. पुढे शांघायच्या झोंगशान रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तीच गाठी काढायला वापरली. या पद्धतीला स्टेर म्हणतात.

धोका मुख्यतः दुर्बिणीतून आत सोडलेल्या हवेचा. म्हणून साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो शरीरात लवकर शोषला जातो. तरीही कधी गळा सुजलेला दिसेल, दाबल्यावर चुरचुर लागेल. घाबरू नका, बहुधा ते आपोआप उतरतं. क्वचित फुप्फुसाभोवती हवा साठून नळी घालावी लागते, हे मात्र सहीच्या आधी नीट समजून घ्या.

आडवी रुंदी साडेतीन सेंटिमीटरच्या वर गेली की गाठ बोगद्यातून अखंड निघणं कठीण. तेव्हा छातीतून दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन बरं. आत तुकडे करून काढणं मला पटत नाही. जिस्ट निघाली तर पेशी सांडतात. तुमच्या आईंची अडीच सेंटिमीटरची गाठ मात्र बोगद्यातून निघण्याच्या मापात बसते. घास अडकत असेल किंवा गाठ वाढत असेल तर काढून घ्या. काहीच त्रास नसेल आणि अल्ट्रासाऊंडमध्ये गाठ साधी दिसत असेल, तर ठराविक काळाने तपासत राहणं हाही खरा पर्याय आहे, हलगर्जीपणा नव्हे.

काढलीत तर एक-दोन दिवस तोंडाने काही मिळणार नाही, मग पाणी, पेज, मऊ भात. गाठीचा अंतिम रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. त्यात सीडी ११७ (जिस्टची खूण) निगेटिव्ह आणि डेस्मिन (स्नायूच्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह लिहिलेलं असेल तर ती लायोमायोमा. तो कागद आईंच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.