दमट उन्हातला उभा चढ: निघण्याआधी स्वतःचे आकडे काढा

तुम्ही लिहिलंय की शिखर उष्ण कटिबंधातलं आहे, ६ किलोमीटरच्या वाटेत ११०० मीटर चढ आहे, हाताशी आठ आठवडे आहेत आणि रोज एसीतल्या ट्रेडमिलवर ५ किलोमीटर धावणं होतं. बूट कोणते घ्यावेत आणि पाणी किती न्यावं, एवढंच विचारलंय. बुटांचं शेवटी सांगतो. पाण्याचा आकडा मात्र तुमचा तुम्हालाच काढावा लागेल. गेली बरीच वर्षं मी अशा हवेत डोंगर चढतोय, नवख्यांना सोबत नेतोय. अडचणीत आलेल्यांपैकी बहुतेकांचे पाय उत्तम होते. त्यांना आपल्या शरीराचा उन्हातला हिशोब माहीत नव्हता.

तो हिशोब आधी बघू. तुमचं वजन ७० किलो आणि सॅक ७ किलो धरू. ७७ किलो वजन ११०० मीटर वर न्यायला साधारण ८३० किलोज्यूल काम होतं. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातला फार तर पाव भाग अशा कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे नुसतं वर चढण्यापायी अंगात २५०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता तयार होणार. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. कागदावर एका लिटरात काम भागतं. पण दमट हवेत घाम वाळत नाही, हनुवटीवरून ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही. शरीर आणखी घाम सोडतं, तोही ठिबकतो. पाणी संपत जातं आणि ताप वाढत जातो.

त्यामुळे हवामानाच्या ॲपवर नुसतं तापमान बघू नका. १९५७ साली याग्लू आणि मिनार्ड यांनी सैनिकांच्या सरावासाठी उष्णतेचा एक निर्देशांक मांडला, तो आजही वापरात आहे. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, म्हणजे हवेचा दमटपणा दाखवणाऱ्या तापमापकाला ७० टक्के वजन आहे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलातल्या तापमापकाला २० टक्के आणि आपण रोज बघतो त्या साध्या तापमानाला फक्त १० टक्के. दमटपणा किती भारी पडतो ते एवढ्यावरून कळावं. जंगलातल्या चढावर वारा पडलेला असतो, तेव्हा सावली असूनही जीव घुसमटतो. डोंगराच्या उघड्या धारेवर ऊन लागतं, पण वारा असेल तर तिथे बरं वाटतं.

आता घामाचा आकडा. येत्या रविवारी करा. लघवीला जाऊन या, कपडे काढून वजन करा आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवा. मग उन्हात, सॅक घेऊन, चढाच्या वाटेवर किंवा जिन्यावर एक तास घाला. प्यायलेलं पाणी मोजा. परत आल्यावर अंग कोरडं पुसून पुन्हा वजन करा. वजन ७०० ग्रॅमने उतरलं आणि मध्ये तुम्ही ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर तासाला साधारण १ लिटर घाम गेला. कुणाचा अर्धा लिटर निघतो, कुणाचा दोन लिटरही. माझ्यासोबत चालणाऱ्या दोघांत, एकाच दिवशी एकाच वाटेवर, दुपटीचा फरक मी स्वतः मोजलेला आहे. म्हणून "माणशी चार लिटर न्या" असं सरसकट कुणी सांगितलं की मला काळजी वाटते.

गेलेला थेंब न थेंब भरून काढायचा नाही, हे नीट लक्षात घ्या. ७० किलोच्या माणसाला दिवसाअखेर सव्वा-दीड किलोची तूट सहसा चालून जाते. तहान लागेल तसं घोट-घोट प्या. भीतीपोटी पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते उष्माघाताइतकंच जिवावर बेतू शकतं. फसगत अशी होते की डोकेदुखी, मळमळ, भ्रम ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात आणि सोबतचे "पाणी पी, पाणी पी" म्हणत आणखी पाजतात. बोटातली अंगठी घट्ट झाली, घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, लघवी पाण्यासारखी वारंवार होतेय, तर पाणी थांबवा. सराव संपल्यावर वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर त्याचा अर्थ तोच.

ओआरएसचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असेल तर बरोबर १ लिटर पाण्यात घालायचं, अर्ध्या लिटरात नाही. सुकी पूड तोंडात टाकायची तर मुळीच नाही. दर दोन-तीन लिटरांतला एक लिटर ओआरएसचा ठेवा. वाळलेल्या शर्टावर मिठाचे पांढरे ओघळ उमटत असतील तर थोडा जास्त. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे आधी डॉक्टरांशी बोला. नेहमीची औषधंही त्यांना दाखवा: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर (नाडी संथ करणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या), सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यांनी उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. गुडघे दुखतील म्हणून सकाळीच आयब्युप्रोफेन घेऊन निघणारे लोक मी पाहिलेत. अंगातलं पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाला झेपत नाही. तसं करू नका.

पायांचा सराव ट्रेडमिलवर होणार नाही, त्याला जिना पाहिजे. एक पायरी १७ सेंटिमीटरची धरली तर ११०० मीटर म्हणजे ६४०० हून जास्त पायऱ्या. ३ मीटरच्या मजल्याने मोजले तर ३६५ च्या वर मजले. दहा मजले चढून गेलात की ३० मीटर झाले, अशा ३७ फेऱ्या म्हणजे तुमचं शिखर. पहिल्या आठवड्यात ५ फेऱ्या पुरेत, आठवड्यातून तीनदा. हळूहळू वाढवत सहाव्या आठवड्यात एका दमात २० फेऱ्या, पाठीवर सॅक घेऊन. आणि उतरायला लिफ्ट घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चढताना धाप लागते म्हणून सगळे चढाचा सराव करतात, पण मांड्या मोडतात त्या उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याचे तंतू दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसता-उठता येत नाही. पण उताराचा असा सराव एकदा-दोनदा झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तोच भार कितीतरी सहज पेलतात. शेवटचा मोठा सराव निघण्याआधी दहा-बारा दिवस. नंतर फक्त पाय मोकळे ठेवायचे.

आठ आठवड्यांतले शेवटचे दोन उन्हाला द्या. शरीराला उष्णतेची सवय लागायला १० ते १४ दिवस लागतात. रोज तास-दीड तास घाम निघेल एवढी हालचाल उन्हात, सांभाळून. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं आणि नाडी खाली येते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणजे घामाचा आकडाही बदलतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यात पुन्हा वजन करून बघा. ही कमाई दोन-तीन आठवडे एसीत बसलं की बरीचशी उतरते. मागच्या उन्हाळ्यातला सराव यंदा धरू नका.

वेळेचं गणित विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलंय. दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला ते तीन तास होतात. ते थंड हवेतल्या तगड्या माणसाचं गणित आहे. दमट उन्हात मी त्याची दीडपट धरतो, म्हणजे साडेचार तास. उष्ण कटिबंधात सूर्य वर्षभर साधारण सहाच्या आसपास उगवतो आणि दहानंतर जवळजवळ डोक्यावरच येतो. पहाटे ४ ला निघालात तर साडेआठला माथा, नऊला उतरायला सुरुवात. अंधारातले पहिले दोन तास हेडटॉर्चवर जातात, म्हणून वाटेचा खालचा भाग आदल्या दिवशी उजेडात चालून बघा. अंधारात कातळाच्या खाचेत न बघता हात घालू नका.

परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोला. तुमच्यासाठी मी सकाळी १० सांगेन. दहा वाजता माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी फिरायचं. दुपारी या भागांत ढग चढतात आणि धारेवर वीज गाठते. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. धार सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा वर जायचा विचार करू नका.

माझ्या एका जोडीदाराचं सांगतो. माथ्याखालच्या छातीवरच्या चढावर, साडेअकराच्या सुमाराला, तो एकाएकी बोलायचा थांबला. दमला असेल म्हणून मी पुढे चालत राहिलो. वळून बघितलं तर तो सॅकची चेन उघडायचा प्रयत्न करत होता. दोन बोटांत पट्टी धरत होता, ती निसटत होती, पुन्हा धरत होता. "काय पाहिजे?" विचारलं, तर त्याने माझ्याकडे बघितलं आणि भलत्याच नावाने हाक मारली. कपाळाला हात लावला, चटका बसावा तसं गरम. अंगावर घाम भरपूर होता, आणि तोपर्यंत मी समजत होतो की उष्माघातात घाम थांबतो. चढून तापलेल्या माणसाला घाम फुटलेला असतानाच उष्माघात होऊ शकतो. त्याला सावलीत ओढलं, शर्ट काढला, आमच्याकडचं सगळं पाणी मानेवर, काखेत, जांघेत, छातीवर ओतत राहिलो आणि दोन टोप्यांनी वारा घातला. वीसेक मिनिटांनी त्याने माझं नाव बरोबर घेतलं. तरीही त्याला खाली नेऊन दवाखान्यात भरती केलं. हे करावंच लागतं, कारण यकृत आणि मूत्रपिंडावरचा परिणाम मागाहून दिसतो.

त्या दिवसापासून मी दर अर्ध्या तासाला सोबत्याला एक साधा प्रश्न विचारतो: आपण किती वाजता निघालो? उत्तर चुकलं, जीभ जड वाटली, चाल झोकांडली, तर चढ तिथेच संपला. आधी थंड करायचं, मग हलवायचं, हा क्रम उलटा करू नका. भान हरपलेल्याला तोंडाने काही पाजू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, ते देण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या दिवशी लघवी कोलासारखी काळपट झाली तर स्नायू मोडल्याची ती खूण आहे, लगेच डॉक्टर गाठा. निघायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत ताप किंवा जुलाब झाले असतील, तर ती तारीख सोडा.

बुटांबद्दल. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापा. तळ घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, पकडणारा हवा, घोट्यापर्यंत उंच नसला तरी चालेल. नवा जोड थेट शिखरावर नेऊ नका, जिन्याच्या चार-पाच मोठ्या सरावांत तो पायाला बसवा. मांड्या घासतात तिथे पेट्रोलियम जेली लावा. शर्ट पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा. उतारासाठी दोन काठ्या घ्या, गुडघे वाचतील.

रविवारी वजन केलंत की आधीचं वजन, नंतरचं वजन, प्यायलेलं पाणी आणि त्या वेळची आर्द्रता इथे लिहा. वाटेत पाण्याची खात्रीची जागा आहे का, तेही विचारून ठेवा. मग सॅकमध्ये किती लिटर घ्यायचं ते सोबत बसून ठरवू.